न हसणाऱ्या बुढ्याचा कोट

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. चौथीपर्यंत शिकले, त्यातही चौथीचे कितीतरी दिवस धाकट्या भावाला सांभाळण्यात गेले. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे ते मला अजून नीट कळत नाही, आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मुलीच्या वहीची मागची पानं कोरी उरली होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे. वही कोणाच्या हाती पडलीच तर अक्षराबद्दल माफ करावं.

लढाई संपली त्यानंतरचा हिवाळा असेल. आमचं घर गांधीबागेच्या बाजारापासून पायी वीस मिनिटांवर, मिलमधल्या लोकांच्या वस्तीत. घरात चौघं. मी, माझे मालक, पाच वर्षांची मुलगी आणि सासरे. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. सासरे मिलमधून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. त्यांना मी मामाजी म्हणायची, म्हणजे त्यांच्या पाठीमागे म्हणायची. त्यांच्याशी सरळ बोलायचा प्रसंग फारसा येत नसे. ते मला काही सांगायचं असलं तर मुलीला सांगत. "तुया मायले सांग, पाणी गरम नाही झालं." मी तिथेच चुलीजवळ असायची. मुलगी वळून मला सांगायची, "मामाजी म्हणतात पाणी गरम नाही झालं." तीही त्यांना मामाजीच म्हणे, माझं ऐकून.

त्यांच्यासमोर मी खुर्चीवर बसत नसे, आणि डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. त्यांनी कधी तसं सांगितलं नव्हतं. पण आमच्यात तसंच होतं.

मामाजी चिडके होते. ओरडत नसत. नुसतं "हूं" म्हणत. जेवायला बसले की पहिल्या घासानंतर एक हूं यायचा. तो आखूड आला तर भाजीत मीठ कमी. ताणून आला तर जास्त. आणि नाकातून, हळू, जेमतेम ऐकू येईल असा आला तर मीठ बरोबर. हे मला कोणी शिकवलं नाही. सहा वर्षं दाराच्या फटीतून ऐकून कळलं.

शाळेच्या मागच्या खोलीत महिला मंडळाचा शिवणाचा क्लास चालायचा, दुपारी दोन ते चार. मशीन एकच होतं आणि बाया अकरा. ज्यांचा हात मशीनवर नसेल त्या गांधीबागेतल्या दुकानांचे ब्लाउज घेऊन काजं करायच्या, हुक लावायच्या. डझनावर पैसे मिळत. मला तिथे जायची परवानगी मिळायला वर्ष लागलं होतं. मालकांनी मामाजींना विचारलं, मामाजी चपला घालून बाहेर गेले. मग पुन्हा विचारलं. शेवटी एका दिवशी ते मुलीला म्हणाले, "तुया मायले सांग, दोन तास म्हणजे दोन तास. अन् लोकायच्या तोंडी यावं असं काही होऊ नाही." एवढीच अट होती. ते दोन तास माझे होते. दिवसाच्या बाकीच्या तासांबद्दल माझी तक्रार नव्हती, पण हे दोन तास गेले असते तर मला जड गेलं असतं. कोणाला सांगितलं मात्र नसतं.

दुसरं मशीन घ्यायचं म्हणून मंडळाने शाळेच्या मैदानात आनंदमेळा करायचं ठरवलं. कोणी भजी, कोणी चिवडा, कोणी रिंग फेकायचा खेळ. क्लासच्या बाई हुशार होत्या. त्या म्हणाल्या, "एक चिडका बुढा बसवू. दहा पैसे द्यायचे अन् त्याले हसवायचं. हसला तर चिवड्याची पुडी. नाही हसला तर पैसे आपले."

"पण बुढा आणायचा कुठून?" कोणीतरी विचारलं.

"आणाले कशाले लागते? बनवू."

मग कोण होणार यावर हसणं सुरू झालं. एक म्हणाली मी होते, आणि म्हणता म्हणताच तिला हसू फुटलं. दुसरीने मिशी म्हणून वेणी ओठावर धरली, तीही फुटली. मी कोपऱ्यात काजं करत होते. मी हसत नव्हते असं नाही, पण मला दात दाखवून हसायची सवय नाही. तोंडाला पदर लागतो आणि हसू तिथेच विरतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग आणखी एकीने पाहिलं, मग सगळ्यांनी.

"ही वं बाई," माझी शेजारीण म्हणाली. "हिले तर मी सहा वर्षांत नाही हसवू शकली. लोकं दहा पैशांत काय हसवतीन!"

मी मान हलवून नाही म्हटलं. बाई म्हणाल्या, "तुले बोलाचं नाही, नाचाचं नाही. नुसतं बसाचं. अन् तोंड कोणाले दिसणारच नाही." मी पुन्हा नाही म्हटलं. पण माझं 'नाही' फार हळू असतं, ते मोजलं जात नाही.

पोशाख मात्र मी माझ्या मनाने केला. बाईंचं म्हणणं होतं की बुढा म्हणजे वाकलेली पाठ, हातात काठी, थरथरते हात. पाठीला उशी बांधा म्हणाल्या. उशी बांधून पाहिली. आरशात पाहिलं तर तो म्हातारा आजारी वाटत होता, त्याला कोणी हसवलं नसतं, औषध दिलं असतं. मी उशी सोडून ठेवली. चिडका माणूस वाकत नाही. तो ताठ बसतो, आणि समोरच्याकडे न पाहता त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहतो. खालचा ओठ वरच्यावर दाबून धरतो. मला एकच चिडका म्हातारा जवळून माहीत होता, आणि तो असा बसायचा. त्यांची टिंगल करावी असं माझ्या मनात नव्हतं. दुसरा कोणी पाहायला मिळाला असता तर त्याचं केलं असतं.

मालक सायकल पुसायला मिलमधून सुताचा कचरा आणायचे. पांढरा, करडा, थोडा तेलकट. त्यातला बरा निवडून, सोड्याच्या पाण्यात धुऊन वाळवला. मांजरपाटाच्या पट्टीवर तो डिंकाने बसवून मिशी केली. दाढी केली नाही, मामाजींना दाढी नव्हती. भुवयांना जास्त वेळ लागला. पहिल्या भुवया सरळ झाल्या, तर चेहरा भोळा दिसायला लागला. मग बाहेरच्या टोकाला कचरा जास्त ठेवून तो पुढे झुकेल असा बसवला. तेव्हा कुठे माझ्या चेहऱ्याला राग आला. शेजारीण समोर बसली होती, ती म्हणाली, "अग माय! मले वाटलं हा उधारीचे पैसे मागून राहिला."

कपाळावर आणि हनुवटीवर माझं गोंदण आहे. त्यावर खडूची भुकटी चोळली आणि कोळशाने सुरकुत्या काढल्या. कुंकू मी पुसलं नाही. टोपी भुवयांपर्यंत ओढली, ते झाकलं गेलं. बांगड्या उतरवायच्या नव्हत्या, म्हणून मनगटावर रुमाल बांधून त्या कोपराकडे सरकवल्या. हातावरही गोंदण आहे, म्हणून हात खिशातच ठेवायचे ठरवले. काच नसलेली चष्म्याची फ्रेम क्लासमध्येच कोणाकडे तरी निघाली. धोतर मामाजींचंच होतं, पण ते फाटलेलं, गोधडीसाठी मला दिलेलं. त्यात चोरी नव्हती.

चोरी कोटात होती.

महाल भागातला नाटकाच्या कपड्यांचा दुकानदार कोटाचे दिवसाचे दोन रुपये मागत होता. मंडळ म्हणालं एवढे नाही परवडत. कोटाशिवाय बसून पाहिलं तर सदऱ्यातून मीच दिसत होते. मामाजींचा एक काळा कोट होता. मिलमधून सुटले तेव्हा खात्यातल्या लोकांनी वर्गणी करून शिवून दिलेला. लोखंडी पेटीत डांबरगोळ्या घालून ठेवलेला असायचा. वर्षातून दोन-तीनदा, लग्नाला किंवा वस्तीत जयंतीला तसबिरीला हार घालायच्या दिवशी, ते तो घालायचे आणि घरी आल्यावर स्वतः घडी करायचे. त्याला मी कधी हात लावला नव्हता.

मागितला असता तर नाही म्हणाले असते. आणि नाही म्हणता म्हणता, हे कशासाठी, हे लोकांच्या तोंडी यायचं काम आहे, क्लासही बंद, इथवर गेलं असतं. न मागता घेतला आणि कळलं तरी तेच झालं असतं. मी दोन्ही बाजूंनी विचार केला. मामाजी दुपारी निंबाखालच्या पानठेल्यावर पेपर वाचायला जात, ते संध्याकाळी दिवे लागल्यावर परत येत. मेळा दोन ते सहा. मेळ्याबद्दल ते आदल्या दिवशीच मुलीला म्हणाले होते, "असल्या जत्रेत मी पाय नाही ठेवत." मी त्यांच्या शब्दावर भरवसा ठेवला. पेटीतून कोट काढला, पिशवीत घातला, वर ब्लाउज ठेवले. मुलीला शेजारणीच्या पोरींबरोबर पाठवलं. तिलाही सांगितलं नाही की बुढा कोण आहे.

मेळ्यात मला एका खुर्चीवर बसवलं. समोर स्टूल. वर पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, "बुढ्याले हसवा." बाई बाजूला डबा घेऊन उभ्या होत्या आणि मोठ्याने तीसपर्यंत मोजायच्या. अंगाला हात लावायचा नाही, एवढा नियम.

पहिला अर्धा तास मी काही पाहिलंच नाही. समोरच्या माणसाच्या सदऱ्याचं वरून दुसरं बटण पाहत होते. कॉलेजातली पोरं आली.

"काय गा बुढ्या, बुढी पळाली काय तुयी?"

"पळाली नसन बे, ह्याचं तोंड पाहून स्वतःहून गेली असन."

"आजोबा, पेन्शन आली! फटफटी घेता काय?"

बाई मोजत होत्या, "सत्तावीस, अठ्ठावीस..." मी "हूं" केलं. आखूड. मीठ कमी आहे, असं. गर्दी खदखदली. पोरं पुन्हा दहा पैसे देऊन बसली. एका जाड्या गृहस्थांनी स्टुलावर बसून कोंबड्यासारखं आरवून दाखवलं. त्यांच्या बायकोला इतकं हसू आलं की तिला खाली बसावं लागलं. मला आलं नाही. त्यात माझी काही कमाल नव्हती. मी घरी जशी बसते तशीच बसले होते, फक्त खुर्चीवर.

डबा वाजायला लागला तशी रांग वाढली. माझी मुलगीही येऊन गेली. तिने जीभ काढून दाखवली, डोळे फिरवले, आणि मग घाबरून म्हणाली, "हा बुढा आमच्या मामाजीसारखा दिसते." शेजारीण तिला ओढत भज्यांकडे घेऊन गेली.

असं तिच्या एकटीलाच वाटलं नव्हतं. नंतर कळलं की कोणीतरी पानठेल्यावर जाऊन सांगितलं होतं, "अहो, तुमचाच जुळा भाऊ बसवला आहे तिथं. पाहून तर या."

चारच्या पुढे असेल. स्टुलावर कोणीतरी बसलं. मी सवयीने बटण पाहिलं. दुसरं बटण नव्हतं तिथे, सुतळीसारखा जाड दोरा होता. तो मीच लावला होता, बटण सापडेपर्यंत म्हणून.

मामाजींनी कनवटीचं नाणं काढून बाईंच्या डब्यात टाकलं. बाईंनी त्यांना ओळखलं असावं, कारण मोजणं सुरूच झालं नाही. ते मला हसवायला आलेच नव्हते. ते कोट पाहत होते. नाक थोडं वर केलं. डांबरगोळीचा वास त्यांनाही आला असणार, मला तर दोन वाजल्यापासून येत होता.

"हा कोट कोणाचा व्हय?" त्यांनी बाईंना विचारलं.

"भाड्यानं आणला जी. महालातून."

"केवढ्यात?"

"दोन रुपये."

"महाग देला," मामाजी म्हणाले.

लोक हसले. कोणी म्हणालं, "दोन बुढे आमनेसामने! आता पहा मजा." मग ते माझ्याकडे वळले. सहा वर्षांत त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतं, आणि मी त्यांच्या. मला दिसलं की त्यांची डावी भुवई उजवीपेक्षा खाली आहे. मी दोन्ही सारख्या केल्या होत्या.

आणि तेवढ्यात चूक झाली. मी ठरवून केली नाही. समोर सासरा बसलेला, मी खुर्चीवर, आणि डोक्यावर काही जाणवेना. माझा उजवा हात खिशातून निघाला आणि पदर ओढायला कानाजवळून वर गेला. तिथे पदर नव्हता, टोपी होती. हात टोपीला लागला. रुमाल सैल झाला होता. हात खाली घेताना दोन हिरव्या बांगड्या सुळकन मनगटावर आल्या आणि एकमेकींवर वाजल्या. लोकांना वाटलं बुढ्याने टोपी नीट केली. गोंगाटात बांगड्या कोणी ऐकल्या नसतील. पण मामाजी दोन हातांवर होते. त्यांनी हात पाहिला. हातावरचं गोंदण पाहिलं. मी हात पुन्हा खिशात घातला, आता त्याने काय होणार होतं.

बाई मोजायला लागल्या, बहुतेक भीतीने. एक, दोन, तीन. तीसपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो. वीसच्या आसपास त्यांनी "हूं" केलं. मला तो कोणता ते कळला नाही. तसा मी आधी ऐकला नव्हता.

तीस झाल्यावर ते उठले, धोतर झटकलं, आणि गर्दीला म्हणाले, "बुढा पक्का आहे. हा नाही हसत." आणि गेले. त्यांच्या दहा पैशांवर पुडी मिळायची नव्हतीच.

मी सहा वाजेपर्यंत बसले. उठता येत नव्हतं, रांग होती.

घरी आल्यावर कोट उजेडात धरला. कॉलरवर मिशीचा डिंक उतरला होता, बोटभर पांढरा डाग. गरम पाण्याच्या फडक्याने पुसला तर तो पसरला. तसाच घडी करून पेटीत ठेवला आणि स्वयंपाकाला लागले. त्या दिवशी मालकांची पाळी सकाळची होती, म्हणून ते घरी होते. वाढलं. मामाजींनी पहिला घास घेतला. हूं आलाच नाही. दुसरा घेतला. मग मुलीला म्हणाले,

"तुया मायले सांग, कोटाचं भाडं दोन रुपये. महालातला भावच लावला. अन् कॉलर खराब केली त्याचे तीन. पाच रुपये झाले."

मालक म्हणाले, "कोणता कोट बाबा?"

"माया कोट. मेळ्याले भाड्यानं देला होता म्या."

"तुमी? कोट?"

"काहून? माया कोट मी नाही देऊ शकत?"

मालकांनी पुढचा घास घेतला. मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, मामाजी म्हणतात पाच रुपये झाले." मी चुलीकडे तोंड करून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी क्लासला गेले नाही. जायचं की नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण ते समजून घ्यायचं असतं असं वाटलं. तांदूळ निवडत बसले. दोन वाजले, सव्वादोन वाजले. मामाजी पानठेल्यावर निघाले होते, चपला घालून दारात थांबले. मुलगी घरात नव्हती, शाळेत होती. त्यामुळे त्यांना भिंतीकडे पाहून बोलावं लागलं.

"भाडं कशातून फेडशीन? तांदूळ निवडून?"

मी उभी राहिले, पदर ओढला. या वेळी तो होता.

"क्लासाचा टाइम झाला ना?" ते भिंतीला म्हणाले आणि गेले.

मी गेले. बाईंनी मला पाहून हातातली कात्री खाली ठेवली. त्यांना वाटलं होतं मी पुन्हा दिसणार नाही. मेळ्यातलं सगळ्यात जास्त उत्पन्न बुढ्याचं होतं. मशीन महिन्याभराने आलं, जुनं, पण चालणारं.

काजांचे पैसे शनिवारी मिळत. त्यातली एक पावली, म्हणजे पंचवीस पैसे, मी मुलीच्या हाती मामाजींना पाठवायची. ते ती घेत, दोन्ही बाजू पाहत, आणि पेटी उघडून कोटाच्या आतल्या खिशात टाकत. त्यांनी एकही शनिवार सोडला नाही. एकदा मुलीला ताप होता म्हणून मी विसरले, तर रविवारी सकाळी ते अंगणात मोठ्याने म्हणाले, "काल शनिवार होता." मी लगेच दिली. मालक एकदा म्हणाले, मी देतो बाबांना एकदम, कशाला दर शनिवारचं लचांड. मी नको म्हटलं. माझं हे 'नाही' त्यांना ऐकू आलं.

डागाचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. चैत्रात एका लग्नाला कोट घालून गेले. कॉलरवर उपरणं घेतलं होतं, डाग झाकला गेला. बुढ्याबद्दल ते एवढ्या दिवसांत एकदाच बोलले. अर्धे पैसे झाले असतील. पावली हातात घेऊन मुलीला म्हणाले, "तुया मायले सांग, धोतराचा काचा असा नसते मारत. लुगड्यासारखा मारला होता."

विसावी पावली द्यायच्या दिवशी मुलगी मामाच्या गावाला गेली होती. उन्हाळ्याची सुट्टी होती. मालक मिलमध्ये. मामाजी ओट्यावर बसले होते. मी पदर सारखा केला, आणि पावली ओट्यावर, त्यांच्या हाताजवळ ठेवली.

"हे वीस झाले," मी म्हटलं. त्यांच्याशी सरळ बोललेलं माझं पहिलं वाक्य बहुधा तेच.

त्यांनी पावली उचलली, दोन्ही बाजूंनी पाहिली. आत गेले. पेटी उघडल्याचा आवाज आला, खिशातल्या सगळ्या पावल्या सतरंजीवर पडल्याचा आवाज आला, मग एकेक मोजल्याचा. मी चुलीपाशी उभी होते. बराच वेळ गेला. मोजणं संपल्यावर आतून हूं आला. नाकातून, हळू, जेमतेम ऐकू येईल असा. पाच रुपये पुरे फिटले.